फणसाचा जामीन

आमच्या गावात कोण किती पाण्यात आहे हे कळायला चार घरं फिरावी लागत नसत. गंगाक्कानं त्या माणसाला आपल्या अंगणात कुठल्या झाडाखाली बसवलं, एवढं बघायचं. आंब्याखाली बसवलं तर माणूस मानाचा. ओवळाखाली, म्हणजे बकुळीखाली, बसवलं तर घरचा, मायेचा. शेवग्याखाली बसवलं तर आलास ते ठीक, पण लवकर ऊठ, कारण शेवग्याची सावली ती केवढीशी! आणि बिब्ब्याखाली बसवलं की त्या माणसानं काय ते समजून जावं. बिब्बा अंगाला लागला की फोड उठतात हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. नुसतं खाली बसल्यानं काही होत नाही, असं माझे यजमान म्हणायचे. पण ते स्वतः कधी बसले नाहीत.

मी या गावात लग्न होऊन आले ती खानापूरकडून. जर्मनचं युद्ध सुरू व्हायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. माहेरी दारात उभं राहिलं की पार पुढच्या गावचं देऊळ दिसायचं. इथं जोयड्याच्या रानात दारात उभं राहिलं की समोर गंगाक्काची झाडं. आभाळ बघायचं तर विहिरीत वाकून बघावं, इतकी गच्च. पहिले कितीतरी दिवस मी नुसती रडत होते. सासू म्हणाली, "माहेरची सय येत असंल." मी म्हटलं, "माहेरची न्हाई, उन्हाची!"

त्यात मी मुळात तापट. गंगाक्काच्या झाडांची पानं रोज माझ्या अंगणात. झाडून झाडून कंबरडं मोडलं. एके दिवशी डोकं फिरलं, आणि सगळी पानं पाटीत भरून तिच्या कुंपणावरून आत ओतली. म्हटलं, आता येऊ दे भांडायला. तर ही आली हसतच.

"लई उपकार झाले गं खानापूरकरणी. खत घरपोच आणून दिलंस."

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं एक पान टाकलं नाही. ही कुंपणाशी हजर. "आज पानं न्हाईत व्हय? बरं न्हाई का तुला?" अशा बाईशी भांडायचं तरी कसं, सांगा.

गंगाक्का दिसायला मूठभर. काटकुळे हातपाय, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, आणि कमरेच्या आकडीला कोयता. आमच्याकडं कोयत्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. पण हिच्या कोयत्यानं कधी फांदी तुटलेली मी बघितली नाही. त्यानं ती फक्त सुपारी फोडायची. नवरा लवकर गेलेला, एकुलता मुलगा बाबू, सून पारू आणि दावणीला एक रेडकू. एवढाच प्रपंच. बाकीचा सगळा गोतावळा झाडांचा, आणि प्रत्येकाशी नातं लावलेलं. माड म्हणजे जावई. "वर वर चाललाय, सासूकडं लक्ष न्हाई." भिरंड, ज्याला घाटावर कोकम म्हणतात, ती सासू. "आंबट हाय, पण उपेगाची."

बाजाराला जायचं तर ही मागच्या दारानं बाहेर पडायची आणि घराला वळसा घालून पुढच्या दारानं पदरात भाजी घेऊन आत यायची. झाला बाजार. शेवग्याचा पाला, केळफूल, आमसुलं, पत्रावळीला पानं, चुलीला वाळक्या काटक्या. वैशाखात आमच्या घराची कौलं अशी तापायची की आत भाकरी थापून भिंतीला लावावी, आणि हिच्या सोप्यात गेलं की अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटायचा. मी म्हटलं, "अक्का, तुमचं घर बरं बाई थंड." तर म्हणाली, "घर म्हंजे काय भिंती व्हय गं? भिंती तुरुंगालाबी असत्यात. घर म्हंजे सावली."

मी मानेनं हो म्हटलं. मनात म्हटलं, आणि साप? पण ते तिला विचारायची सोय नव्हती, कारण सापांनाही तिनं कुठलं तरी नातं लावलेलं असणार.

बिब्ब्याखालचा कायमचा पाहुणा म्हणजे नागूशेट. गावातलं एकुलतं एक दुकान त्याचं. मीठ, गूळ, तंबाखू, घासलेट. पोट असं, की शेट उंबऱ्याबाहेर असतानाच पोट आत येऊन पोचलेलं असायचं. माणूस वाईट नव्हता. पण एकदा गंगाक्काशी बोलता बोलता त्यानं आपला बैल तिच्या आंब्याच्या रोपाला बांधला, आणि यांचं बोलणं होईस्तोवर बैलानं रोपाचा शेंडा खाऊन टाकला. झालं! त्या दिवसापासून शेटची बैठक बिब्ब्याखाली. तिच्याकडची आमसुलं आणि सुपारी न्यायला त्याला यावंच लागायचं. मग तो बिब्ब्याच्या सावलीपासून हातभर लांब, भर उन्हात, घामानं निथळत बसायचा.

"सावलीत बसा की शेट. उन्हात कशाला तापतासा?"

"न्हाई अक्का. ऊन बरं असतंय."

एवढ्या सगळ्या झाडांत तिचा जीव अडकला होता तो दारासमोरच्या फणसात. त्याच्याखाली ती कोणालाच बसवायची नाही. ती जागा तिची स्वतःची. लग्न होऊन ती आली तेव्हा या घराच्या अंगणात गवताची काडी नव्हती म्हणे. तिच्या आईनं ओटीत घातलेल्या फणसातली एक आठळी तिनं दारात पुरली. नवऱ्यानं भोवती काट्याकुट्याचं कुंपण केलं, हिनं तांदळाच्या धुवणावर ते रोप वाढवलं. नवरा गेला, झाड राहिलं. असं वाढलं की दोघांच्या मिठीत बुंधा मावेना. फांद्या पार घरावर, सावली दाट. सगळं होतं, फक्त फणस नव्हता. परसातला दुसरा फणस दर वर्षी लदबदायचा, आणि हा दारातला ढिम्म. एक फळ नाही. गाव त्याला वांझ म्हणायचं. गंगाक्काच्या कानावर तो शब्द पडला की तिचा चेहरा उतरायचा, आणि बोलणाऱ्याची बैठक दुसऱ्या दिवशी शेवग्याखाली जायची.

बाबू तेव्हा कॅसलरॉकला रेल्वेत खलाशी लागला होता. तिथं त्यानं गोऱ्या साहेबांचे बंगले बघितले आणि त्याच्या डोक्यात वारं शिरलं. सुट्टीला आला की अंगणात उभा राहून नाक मुरडायचा.

"आये, सायबाच्या बंगल्याफुडं एक झाड न्हाई बघ. लांबनं बंगला दिसतोय. नुस्तं गवत, तेबी रोज कापत्यात."

"कापून गाईला घालत असतील."

"गाय न्हाई गं त्येच्याकडं. कापत्यात आन् टाकून देत्यात."

गंगाक्का कितीतरी वेळ विचार करत राहिली. "गवत वाढवायचं, कापायचं आन् टाकायचं? बरं हाय ना रे तो सायब? दवापानी करत्यात का त्येचं?"

पण बाबूचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. घर मोडकळीला आलेलं. नवीन बांधायचं तर दारंखिडक्यांना लाकूड पाहिजे. रानात पाहिजे तेवढं लाकूड, पण रान सरकारचं. फांदीला हात लावला की गार्ड दारात. घरचं म्हणावं असं एकच मोठं लाकूड होतं, ते दारातलं फणसाचं. फणसाच्या फळ्या पिवळ्याधमक, वाळवी लागत नाही. आणि झाड काही देतही नाही. बाबू म्हणाला, पाडतो. आई म्हणाली, आधी मला पाड. पारू बिचारी मधे उभी राहून दोघांनाही हो म्हणायची.

शेवटी गोष्ट बुधवंताकडं गेली. बुधवंत म्हणजे आमच्या पंचातला मुख्य. म्हातारा कमी बोलायचा आणि कधीच हसायचा नाही. त्यानं सांगितलं, "गावची रीत हाय. गिराणात झाडाला शिक्षा करायची, मुदत द्यायची. फळलं तर ऱ्हाईल. न्हाई फळलं तर मालकानं पाडावं, कोण बोल लावनार न्हाई."

ही रीत मला नवीन होती. सूर्याला ग्रहण लागलं की न फळणाऱ्या झाडाला मुसळानं मारायचं. मग मालकानं कुऱ्हाड उगारून विचारायचं, फळतोस का तोडू? झाडाच्या वतीनं दुसऱ्या कोणीतरी जामीन राहून म्हणायचं, यंदा सोडा, पुढच्या हंगामाला फळेल. जामीन घरातला चालत नाही. आणि मुदतीत झाड फळलं नाही, तर जामिनानं देवळासमोर झाडाच्या जागी दिवस मावळेपर्यंत उभं राहायचं, दोन्ही हात वर करून. पोरांनी त्याच्या पायांवर पाणी ओतायचं आणि हातांना दुधी भोपळे लटकवायचे.

कार्तिकातल्या अवसेला ग्रहण लागलं. उन्हाचा रंग पार उडाला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, आणि मुसळ घेऊन गाव गंगाक्काच्या अंगणात आलं. बघतात तर काय, फणसाच्या बुंध्याला तिची सगळ्यांत जाड गोधडी गुंडाळलेली, वरून सुंभानं बांधलेली.

"अक्का, हे काय?" बुधवंतानं विचारलं.

"कुठं काय? मारा की तुमी. मी न्हाई म्हणते व्हय? थंडीचे दिस हायत, म्हणून पांघरूण घातलंय."

गोधडीवरच मुसळ मारलं. धप धप आवाज झाला आणि वर्षभराची धूळ उडाली, तेवढंच. मग बाबूनं कुऱ्हाड उगारली. "फळतोस का तोडू?" आता जामीन कोण? माझे यजमान भाबडे, ते पुढं व्हायला लागले, तशी मी मागून त्यांचं धोतर घट्ट धरलं. आंब्याखाली बसणारी सगळी मानाची माणसं आपापल्या पायाचे अंगठे बघत उभी. गंगाक्कानं एकेकाकडं बघितलं. मग ती वळली ती थेट नागूशेटकडं.

"शेट, तुमी व्हा."

"मी?" शेट उडालाच. "मी बिब्ब्याखालचा मानूस!"

"व्हय. आंब्याखालचे बघितले न्हवं आत्ता?"

शेटनं मिशीवरून हात फिरवला. "मग माझी जागा?"

"फळला तर आंब्याखाली."

"आन् न फळला तर?"

"मग तुमी सोताच झाड हुनार हायसा. तुमाला जागा कशाला पायजे?"

गाव हसलं. शेटही हसला, आणि हसता हसता हो म्हणून बसला. बिब्ब्याखाली उन्हात बसून बसून त्याला आंब्याची सावली केवढी मोठी वाटत असेल! वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेची मुदत ठरली.

घरी गेल्यावर बायकोनं त्याला दुधी भोपळ्यांची आठवण करून दिली, आणि शेटचं धाबं दणाणलं. ज्या माणसाला आयुष्यात गुळावरची माशी सोडून दुसऱ्या कशाची काळजी नव्हती, तो रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी फणसाखाली येऊन मान वर करून उभा राहायला लागला. दुकानातली पेंड आणून त्यानं बुंध्याशी घातली, ती गंगाक्काच्या रेडकानं खाल्ली. कोणी सांगितलं मासळीचं पाणी घाल, ते घातलं, तर गावातली सगळी मांजरं फणसाला प्रदक्षिणा घालायला लागली. पाणी किती घालायचं यावरून दोघांची रोज जुंपायची.

"जास्ती घालू नका शेट, मुळं कुजतील!"

"झाड तुमचं असंल अक्का, हात माझे वर व्हायचे हायत!"

पौष गेला, माघ गेला. परसातल्या फणसाला कोवळी फळं धरली. दारातला आपला ढिम्मच. गंगाक्काचं बोलणं कमी झालं. पानं गोळा करायला कुंपणाशी यायची, पण मला टोमणा मारायची नाही. एकदा मी बघितलं, ती बुंध्याला कपाळ टेकवून उभी होती. काहीतरी पुटपुटत होती. झाडांना शिव्या घालणारी मी, पण त्या दिवशी देवाला म्हटलं, ह्या बाईसाठी एक तरी फणस लाव रे बाबा, लिंबाएवढा असला तरी चालेल.

देवानं काही ऐकलं नाही.

अक्षय्य तृतीयेला उजाडता उजाडता मी विहिरीवर होते. बघते तर नागूशेट गंगाक्काच्या अंगणातून पळत बाहेर पडतोय. खांद्यावर बांबूची शिडी, धोतराचा सोगा तोंडात, आणि पोट एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मला काही उमगेना. शिडी चोरायची वेळ शेटवर का यावी?

ऊन वर आलं तसं गाव जमलं. बाबू कुऱ्हाडीला धार लावून तयार. पण गंगाक्काचा पत्ता नाही. पारू म्हणाली, "आत्याबाई पहाटंपासनं दिसल्या न्हाईत." बाबू म्हणाला, "मुद्दाम कुठंतरी जाऊन बसली असंल, म्हंजे मला हात घालता येऊ नये." एवढ्यात कोणीतरी ओरडलं. फणसाच्या खालच्या फांदीला दोन फणस लटकत होते! चांगले मोठे, काटेरी. काल संध्याकाळी तिथं काही नव्हतं. नागूशेट हात जोडून आभाळाकडं बघत म्हणाला, "देवा, लाज राखलीस!"

बुधवंत काठी टेकत जवळ गेला. एक फणस बोटानं वाजवला. मग देठापाशी चाचपून बघितलं.

"शेट, ह्या फणसाला देठाच्या जागी सुंभ फुटलाय. तुमच्या दुकानात गुळाला बांधतासा, तसलाच हाय."

"झाडानं कुठनंतरी घेतला असंल," शेट म्हणाला.

लोक हसायला लागले तोच वरून धप्प! एक भला मोठा फणस बुधवंत आणि शेट यांच्या मधोमध येऊन आपटला आणि फुटला. शेट आधी दचकला आणि मग नाचायला लागला. "बघा! बघा! ह्यो तर आपसूक पडला! ह्येला सुंभ न्हाई!"

बुधवंतानं फुटलेल्या फणसातला गरा बोटानं उचलला. लिबलिबीत, रसाळ, बरका. शेटच्या फणसाला कोयता लावला, तर आतला गरा खणखणीत, कापा. एका झाडाला एक तर सगळे कापे लागतात, नाहीतर सगळे बरके. हे आमच्याकडं कोणालाही विचारा.

"एकाच झाडाला कापाबी आन् बरकाबी?" बुधवंत म्हणाला. "माझ्या जल्मात बघितलं न्हाई." आणि त्यानं मान वर केली. आम्हीही केली. पानांच्या गर्दीत, पार वरच्या बेचक्यातून, दोन काटकुळे पाय खाली लोंबत होते.

"कोण हाय वर?"

"मी हाय," गंगाक्काचा आवाज आला.

"काय करतासा वर?"

"काय करनार? बसलेय. परसातला फणस हातातनं निसटला. बांधायचाच ऱ्हायला हुता. शिडी लावून आले, तर खालनं चोरानं शिडी नेली. मी वर हाय म्हणून वरडूबी शकले न्हाई."

सगळ्या गावानं शेटकडं बघितलं. त्याला ती शिडी देवानंच आयती लावून ठेवल्यासारखी वाटली होती. ती बाजूच्या फांदीला लावून त्यानं आपले फणस बांधले, आणि कोणाला कळू नये म्हणून ती घेऊन पळाला. वर कोण आहे हे बघायचं त्याला सुचलंच नाही. आणि वरची बाई श्वास रोखून बसलेली, ह्यानं बघू नये म्हणून. दोघं चोर एका झाडावर!

मला तर हसून हसून खोकला लागला. पण बाबू चिडला. चारचौघांत आईनं शोभा केली याचा त्याला राग आला.

"आये, खाली ये! आता नाटकं पुरं झाली. झाड फळलं न्हाई. मुदत संपली."

मग गंगाक्का बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण खाली शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

"बाबू, मी हितनंच बोलते. लगीन होऊन आले आन् लई वर्सं माझी कूस उजवली न्हाई. ह्याच गावानं मला वांझ म्हटलं. गिराणात हेच मुसळ माझ्या पाठीला लावलं. तुझ्या आजीनं तुझ्या बाला सांगितलं, दुसरी आन. तुझा बा म्हणाला, ऱ्हाऊ दे, तिला उशीर हुतोय. तवा कुणी माझ्या मुळावर कुऱ्हाड घातली असती, तर तू कुठनं आला असतास रं?"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले, मीही लावला. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला ते झाड झाड वाटलंच नाही. बाबू कुऱ्हाड घेऊन उभा होता, पण तिचं टोक जमिनीला टेकलं होतं.

बुधवंतानं घसा खाकरला. रीत ती रीत, त्याला निकाल देणं भाग होतं. तो झाडाभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "पंचांनी बघितलं. झाडाला फळ लागलंय."

"कुठलं?" बाबूनं विचारलं.

बुधवंतानं काठीनं वर दाखवलं. "ते काय. जरा जास्ती पिकलंय, पन लागलंय. जामीन सुटला."

हसला नाही हं म्हातारा. आम्ही मात्र पोट धरून खाली बसलो. नागूशेटनं तर तिथंच लोटांगण घातलं, आणि त्याला उठवायला माणसं लागली.

आता गंगाक्काला उतरवायची कशी? शिडी शेटनं घाबरून ओढ्यात फेकली होती, ती वाहून गेली. बाबू दोघांच्या खांद्यावर चढून वर गेला. वर पोचला, आईच्या शेजारी बेचक्यात बसला, खाली बघितलं, आणि फांदीला घट्ट मिठी मारली. रेल्वेच्या डब्यावर चढणारा गडी, पण लहानपणानंतर झाडावर चढलेलाच नव्हता. "मला उतरता येत न्हाई," असं वरून बारीक आवाजात म्हणाला.

मग काय, नवी शिडी होईपर्यंत मायलेकरं वरच. बांबू आणायचा, पायऱ्या ठोकायच्या, दुपार झाली. पारूनं तांब्यात पेज घालून दोरीनं वर पाठवली. खालून आम्हाला चार पायच दिसत होते. दोन काटकुळे, दोन केसाळ. बाबू नोकरीवर, ही झाडांत. एका जागी इतका वेळ ती दोघं किती वर्षांनी बसली असतील कोण जाणे. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. आधी नुसता बाबूचा आवाज यायचा, तक्रारीचा. मग आईचा. मग एकदम दोघं हसली. पारूनं नंतर मला सांगितलं, वर एका जाड फांदीवर दोरीचा खोल वळ उठलेला आहे. बाबूचा पाळणा तिथं बांधायची. बाबूनं तो वळ हातानं चाचपला, आणि मग पुढं तक्रार केलीच नाही म्हणे.

उतरल्यावर त्यानं कुऱ्हाड उचलली तेव्हा मला वाटलं, संपलं आता. त्यानं ती नेऊन माळ्यावर टाकली. नवं घर बांधलं ते जुन्या घराच्या मागं सरकवून. दाराला फणसाच्या फळ्या काही मिळाल्या नाहीत. बांबूचा तट्ट्या लावला. वाऱ्यानं तो रात्रंदिवस कुरकुरायचा आणि आम्हाला शेजारी झोप यायची नाही, पण त्यावर मी कधी भांडले नाही.

नागूशेटला ठरल्याप्रमाणं आंब्याखालची जागा मिळाली. पहिल्याच दिवशी ऐटीत बसला, आणि वरून तांबड्या मुंग्यांचं घरटं त्याच्या मानेवर पडलं. अंग खाजवत, नाचत ओरडला, "अक्का, बिब्ब्याखाली बरं हुतं की!"

पुढं माझ्या यजमानांनी रामनगरकडं बस्तान हलवलं आणि आमचं तिकडं जाणं कमी झालं. गंगाक्का आजारी आहे असं कळलं तेव्हा मी मुद्दाम बैलगाडी करून गेले. चैत्र सरत आला होता. फणसाखाली खाट टाकलेली आणि तिच्यावर गंगाक्का. मुळात मूठभर, आता चिमूटभर राहिलेली. मला बघून उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मी खाटेच्या कडेला बसले. न राहवून वर बघितलं. नुसती पानं.

"बघू नगंस," ती म्हणाली. "अजून काय न्हाई."

"उशीर होतोय," मी म्हटलं.

ती हसली. सगळं तोंड बोळकं झालं होतं. "हू दे. जामीन गेला, बुधवंतबी गेला. आता ह्येला जाब इचारनारं कोन हाय?" आणि शेजारच्या मुळावर तिनं हात ठेवला, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा.

आम्ही पुष्कळ बोललो. मधेच ऊन सरकत तिच्या पायांवर आलं. मी उठून खाट ओढू लागले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तो येतोय." खरंच, मागच्या घरातून बाबू आला. नोकरी सोडून घरी राहिला होता. हात मातीचे. त्यानं खाट आईसकट उचलली, सावलीत सरकवली, पांघरूण नीट केलं आणि परत कामाला गेला. पारू म्हणाली, दिवसभर हेच चालतं. सकाळी खाट पश्चिमेच्या अंगाला असते, संध्याकाळपर्यंत झाडाला वळसा घालून पूर्वेला येते. बाबू कुठल्याही कामात असो, त्याचं लक्ष सावलीवर.

मी निघाले तेव्हा उन्हं कलली होती. कुंपणापाशी गाडीत बसताना मागं वळून बघितलं. गंगाक्काचा डोळा लागला होता. ऊन पुन्हा खाटेच्या पायथ्याशी आलं होतं, आणि बाबू घरातून बाहेर पडून लगबगीनं फणसाकडं येत होता.